मेंदूज्वराचे निदान : कोणती तपासणी, कोणत्या दिवशी?

निशिगंध

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत ‘मेंदूज्वराचा संशयित रुग्ण’ अशी बातमी येते आणि दोन-चार दिवसांनी ‘अहवाल निगेटिव्ह’ एवढ्या शब्दांवर ती संपते. रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केल्यामुळे या दोन शब्दांवर माझी फारशी श्रद्धा उरलेली नाही. कोणत्या विषाणूसाठी निगेटिव्ह, कोणता नमुना निगेटिव्ह आणि तापाच्या कितव्या दिवशी घेतलेला नमुना निगेटिव्ह, हे कळल्याशिवाय त्या अहवालाला अर्थ नसतो. हा धागा एवढ्याच मुद्द्यासाठी काढला आहे.

ताप आणि त्याबरोबर शुद्धीत बदल, असंबद्ध बोलणे किंवा नव्याने आलेले झटके दिसले, की आपल्याकडील सर्वेक्षणात रुग्णाची नोंद ‘ए.ई.एस.’ म्हणजे तीव्र मेंदूज्वरसदृश लक्षणसमूह अशी होते. ही नोंद म्हणजे निदान नव्हे. तिच्यात डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर येतो, हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर येतो, तसेच क्षयाचा मेंदूआवरणदाह, मेंदूचा मलेरिया, स्क्रब टायफस आणि रक्तातील साखर उतरल्यामुळे आलेली बेशुद्धीही येते. त्यामुळे विषाणू शोधण्याआधी, ज्यांच्यावर आजच औषध देता येईल अशी कारणे बाजूला काढणे हे पहिले काम असते. बोटाला टोचून साखर पाहायला एक मिनिट लागतो आणि तरीही ती पाहायची राहून गेल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

त्यानंतर पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांभोवतीचा द्रव, सुईने काढून तपासणे. कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा कल्पनेने आखली की ती साधारणपणे चौथ्या कटिमणक्यावरून जाते, आणि सुई त्याच्या लगतच्या वरच्या किंवा खालच्या फटीतून घालतात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरच संपलेला असतो. खाली असतात त्या पाण्यात सैल तरंगणाऱ्या मज्जातंतूंच्या शिरा, ज्या सुईपुढून सरकतात. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर पाणी नव्याने तयार करते, म्हणून तपासणीसाठी काढलेले दहा मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघते. विषाणूच्या संसर्गात हे पाणी बहुधा नितळ दिसते, त्यात लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, प्रथिने थोडी चढलेली असतात आणि साखर जवळपास प्राकृत असते. साखर फार उतरलेली असेल तर जिवाणू किंवा क्षय यांचा विचार आधी करावा लागतो. मात्र पाण्यातील साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोनतृतीयांश असते, म्हणून त्याच वेळी रक्तातील साखर मोजलेली नसेल तर तो आकडा वाचता येत नाही. पाण्याच्या अहवालासोबत रक्तशर्करेचा कागद नसणे ही प्रयोगशाळेतील रोजची तक्रार आहे.

आता मुख्य गोष्ट. विषाणू शोधण्याचे दोन मार्ग प्रचारात आहेत. पीसीआर विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते, तर एलायझा त्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर सर्वांत आधी उमटणारी, प्रतिपिंडे शोधते. पहिला मार्ग विषाणू नमुन्यात हजर असेपर्यंतच चालतो आणि दुसरा मार्ग प्रतिपिंडे तयार झाल्यावरच सुरू होतो.

हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू मेंदूतच वाढत राहतो, म्हणून पाठीतल्या पाण्याच्या पीसीआरमध्ये तो ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत सापडतो. तरीही पहिल्या तीन दिवसांत काढलेले पाणी निगेटिव्ह येऊ शकते. जपानी मेंदूज्वरात नेमके उलटे घडते. रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तातून विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो आणि पीसीआर करून हाती काही लागत नाही. तेथे पाण्यातील आयजीएम हाच आधार, आणि तेही आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत अनेकांमध्ये दिसत नाही. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सर्वांमध्ये दिसते. म्हणजे दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यावरून ‘जपानी मेंदूज्वर नाही’ असे लिहिणे धाडसाचे आहे. रक्तातील आयजीएमवर विसंबावे, तर डेंग्यूची प्रतिपिंडे त्याच कुळातील विषाणूची असल्याने घोटाळा करतात आणि लस नुकतीच दिलेली असेल तर तीही रक्तात आयजीएम उमटवू शकते.

जाणकारांनी भर घालावी.

वैनगंगा

निशिगंध, धागा काढल्याबद्दल आभार. मी पूर्व विदर्भात आरोग्यसेवेत आहे. आमच्याकडे भाताची बांधी, बगळे आणि डुकरे (बांधीतल्या पाण्यात डास वाढतात, बगळ्यांत आणि डुकरांत विषाणू) ही जपानी मेंदूज्वराला लागणारी सगळी सामग्री एकाच गावात मिळते, आणि त्याच गावांत चंडीपुराही आहे. या दुसऱ्या विषाणूचे नाव आमच्याच भागाचे आहे. १९६५ साली नागपूरच्या चंडीपुरा भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेने तो वेगळा केला. ती संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर होते. आज आपण तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो.

पुढची जवळजवळ चार दशके त्याच्याकडे किरकोळ तापाचा विषाणू म्हणून पाहिले गेले. २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली, आणि तपासाअंती हाच विषाणू सापडला. सकाळी ताप, दुपारी उलट्या आणि झटके, रात्री बेशुद्धी असा त्याचा वेग असतो. अनेक मुले २४ ते ४८ तासांत जातात. आपण सांगितलेले दिवसांचे गणित येथे उपयोगी पडत नाही, कारण प्रतिपिंडे तयार होईपर्यंत मूल हयातच नसते. म्हणून चंडीपुरासाठी दाखल होताक्षणीच घेतलेल्या रक्ताचे पीसीआर महत्त्वाचे ठरते. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या नसतात, तेव्हा ‘पाणी स्वच्छ आहे, मेंदूज्वर नाही’ असा निष्कर्ष काढणारा फसतो. पाणी असे स्वच्छ दिसल्यामुळे हा मेंदूचा दाह मानावा की नाही, यावरच त्या काळी तज्ज्ञांमध्ये मतभेद झाले होते. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये प्रामुख्याने मुलांत ए.ई.एस.चा उद्रेक झाला, तेव्हा जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले आणि ६४ रुग्णांत चंडीपुरा निश्चित झाला. उरलेल्यांना काय झाले होते, हा प्रश्न बातम्यांत मला कोठे दिसला नाही.

गावपातळीवरची अडचण वेगळीच असते. ‘पाठीत सुई टोचली की पोरगं लुळं पडते’ ही समजूत इतकी पक्की आहे की सही करायला बाप तयार होत नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवर पाणी काढून झालेले मूल दूध पीत बसलेले असेल तर पाच मिनिटांत सही मिळते. नसेल तर शरीरशास्त्र कितीही समजावले तरी उपयोग होत नाही.

कंदील

माझा प्रश्न सामान्य माणसाचा आहे. एका शहरातील मोठ्या खासगी रुग्णालयात आमच्या नातेवाइकांच्या पाण्याची ‘एका तासात चौदा जंतू’ शोधणारी महागडी तपासणी केली. सगळे रकाने निगेटिव्ह आले आणि आम्हाला ‘विषाणू नाही’ असे सांगण्यात आले. पुढे त्यांना जपानी मेंदूज्वर निघाला. मग एवढी रक्कम कशासाठी घेतली?

निशिगंध

कंदील, त्या चौदा नावांची यादी पाहिली की उत्तर मिळते. या प्रकारची सर्वांत प्रचलित तपासणी २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि तिची यादी तेथील रुग्णांना समोर ठेवून केलेली आहे. तिच्यात सहा जिवाणू, एक बुरशी आणि सात विषाणू आहेत. विषाणूंमध्ये हर्पिसचे दोन प्रकार, कांजिण्या-नागीण यांचा विषाणू, एंटेरोव्हायरस वगैरे मंडळी आहेत. जपानी मेंदूज्वर तिच्यात नाही. डेंग्यू नाही, चिकुनगुन्या नाही, चंडीपुरा नाही, रेबीज नाही आणि क्षयही नाही. म्हणजे भंडारा-गोंदियाच्या रुग्णाबाबत जे पहिले विचारायला हवे, ते या यंत्राला कोणी विचारलेलेच नसते. यंत्र खोटे बोलले नाही. त्याच्या उत्तराचा ‘विषाणू नाही’ असा अर्थ लावणाऱ्याने चूक केली.

उलट दिशेनेही सावध राहावे लागते. त्या यादीतील सहाव्या क्रमांकाचा मानवी हर्पिस विषाणू काही लोकांच्या गुणसूत्रांतच जन्मतः विणलेला असतो, त्यामुळे तो पॉझिटिव्ह आला म्हणून आजाराचे कारण तोच, असे म्हणता येत नाही. तरीही ही तपासणी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. हर्पिस किंवा न्यूमोकोकस हा मेंदूआवरणदाह करणारा जिवाणू एका तासात कळणे ही मोठी सोय आहे. फक्त अहवालाखाली ‘या यादीत नसलेले’ असा रकाना छापायला हवा, असे मला नेहमी वाटते.

तिठा

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. प्रयोगशाळेच्या बाजूने झालेली मांडणी योग्य आहे, पण खाटेजवळचे निदान बऱ्याचदा अहवालाच्या आधी होते आणि व्हायलाही हवे. हर्पिसचा विषाणू मेंदूच्या कानाजवळच्या खंडाला, म्हणजे टेम्पोरल लोबला धरतो. स्मृती, वास, भाषा आणि भावना यांचे व्यवहार त्या भागात चालतात, त्यामुळे रुग्ण प्रथम ‘विचित्र वागू लागला’ म्हणून येतो. आयुष्यभर दुकान सांभाळलेला पन्नाशीचा गृहस्थ अचानक गिऱ्हाइकाला ओळखेनासा होतो, तोच प्रश्न दहा वेळा विचारतो, नसलेला जळका वास येतो म्हणून घरभर फिरतो. ताप अंगात असतो, पण त्याकडे लक्ष जात नाही. अशा रुग्णाला आधी देवर्षीकडे नाहीतर मनोविकारतज्ज्ञाकडे नेले जाते आणि मोलाचे दिवस जातात.

एमआरआयमध्ये टेम्पोरल खंडाचा आतला भाग, बहुधा एका बाजूला अधिक, पांढरा चमकताना दिसतो. सीटी स्कॅन पहिल्या दिवसांत पूर्ण प्राकृत असू शकते, म्हणून सीटी चांगले आले म्हणून घरी पाठवणे बरोबर नाही. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात, त्याच खंडावर ठरावीक अंतराने येणाऱ्या टोकदार लहरी दिसल्या तर संशय बळावतो. जपानी मेंदूज्वर थॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या मध्यातील खोल भागाला धरतो, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, हातपाय ताठरतात. प्रतिमा पाहून विषाणूचे नाव ठरवता येत नाही, पण प्रयोगशाळेला कोणता प्रश्न विचारायचा ते ठरवता येते.

एक मुद्दा ठासून सांगतो. हर्पिसचा संशय आला की पीसीआरची वाट न पाहता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू करायचे असते. औषध न मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. औषधाने ते पुष्कळ खाली आले, पण किती खाली येईल हे ते कितव्या दिवशी सुरू झाले यावर अवलंबून असते. औषध सुरू केल्यावरही साधारण आठवडाभर पाण्यात विषाणूचे द्रव्य सापडते, त्यामुळे ‘आधी पाणी काढू, मग औषध’ म्हणून रात्र घालवण्याचे कारण नाही.

कंदील

तिठासाहेब, मग ताप आणि बडबड असलेल्या प्रत्येकाला हे औषध द्यायचे का? मूत्रपिंडावर त्याचा परिणाम होतो असे वाचले आहे.

तिठा

परिणाम होतो. ते घाईने शिरेत सोडले आणि रुग्ण कोरडा पडलेला असला तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. म्हणून प्रत्येक मात्रा तासभर सावकाश देतात, सलाईन पुरेसे ठेवतात आणि मूत्रपिंडाचे काम कळवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहत राहतात. हा धोका आटोक्यात ठेवता येतो. गेलेला टेम्पोरल खंड परत आणता येत नाही. औषध सुरू करणे सोपे असते, ते बंद कधी करायचे हा खरा अवघड निर्णय आहे. पहिले पीसीआर तिसऱ्या दिवसाच्या आत निगेटिव्ह आले आणि एमआरआय अजूनही हर्पिसकडे बोट दाखवत असेल, तर मी औषध थांबवत नाही. तीन ते सात दिवसांनी पाणी पुन्हा काढतो. निश्चित हर्पिस असेल तर शिरेतून १४ ते २१ दिवस. दहाव्या दिवशी ‘आता बरे दिसते’ म्हणून गोळ्यांवर घरी सोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. गोळीतून मेंदूला पुरेसे औषध पोचत नाही, म्हणून ती मला मान्य नाही.

रानवारा

तिठा यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, कारण आमच्या घरात हेच घडले. माझ्या मामांचे पहिले पीसीआर निगेटिव्ह आले, त्यावरून औषध थांबवण्याचे घाटत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून नकार दिला, पाच दिवसांनी पाणी पुन्हा काढले आणि त्यात हर्पिस सापडला. मामा वाचले. घरी आल्यावर महिनाभराने मात्र ते पुन्हा भ्रमिष्टासारखे वागू लागले, तोंड वेडेवाकडे करू लागले. आम्हाला वाटले विषाणू परत आला. त्या वेळी पाण्यात विषाणू नव्हता, पण एनएमडीए नावाची प्रतिपिंडे निघाली. हे काय असते, कोणी सांगेल का?

तिठा

रानवारा, हर्पिसने मेंदूच्या पेशी फोडल्या की आतील प्रथिने उघडी पडतात आणि काही रुग्णांत शरीर स्वतःच्याच मेंदूपेशींवरील एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. हा आजार स्वतंत्रपणेही होतो. २००७ मध्ये जुझेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले, आणि तोपर्यंत ‘अज्ञात विषाणू’ या सदरात गेलेल्या अनेक तरुण रुग्णांचा उलगडा त्यामुळे झाला. उपचार वेगळे आहेत : स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वगैरे. म्हणून हर्पिसनंतर काही आठवड्यांनी प्रकृती पुन्हा ढासळली तर पीसीआर आणि ही प्रतिपिंडे दोन्ही तपासावीत. आपल्या मामांच्या डॉक्टरांनी ते केले, हे उत्तम झाले.

सागरगोटा

मी सिंगापूरला राहतो. चुकीच्या नावाने आजार ओळखला गेला तर काय होते, याचे मोठे उदाहरण शेजारच्या मलेशियातील आहे. १९९८ च्या सप्टेंबरपासून इपोह भागात वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. काही रुग्णांत जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे सापडली, त्यामुळे सरकारने डास मारले आणि लस दिली. उद्रेक मात्र थांबला नाही. विसंगती डोळ्यांसमोर होत्या : मुले सुटत होती आणि डुकरे हाताळणारे प्रौढ पुरुष आजारी पडत होते, लस घेतलेल्यांनाही होत होता, आणि डुकरे स्वतः जोरजोरात खोकत होती. जपानी मेंदूज्वरात यांतले काहीच अपेक्षित नसते. १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातील चुआ काव बिंग यांनी रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातून नवा विषाणू वेगळा केला. ज्या गावच्या रुग्णापासून तो मिळाला त्या सुंगाई निपाहवरून त्याला निपाह हे नाव मिळाले. तोपर्यंत रोग नेग्री सेंबिलान राज्यापर्यंत पसरला होता. एकूण २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू नोंदले गेले, आणि दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली.

निशिगंध

फार समर्पक उदाहरण. आपल्याकडे सिलिगुडीत २००१ मध्ये झालेला उद्रेक निपाहचा होता, हे साठवलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी सिद्ध झाले. कोझिकोडमध्ये २०१८ च्या मे महिन्यात मात्र एकाच कुटुंबातील दुसरा रुग्ण आल्याबरोबर डॉक्टरांनी निपाहची शंका घेतली, नमुने मणिपालला आणि तेथून पुण्याला गेले आणि काही दिवसांतच निश्चिती झाली. तेथे तंत्रज्ञानाइतकेच श्रेय ‘घरात आणखी कोणाला असेच झाले होते का’ या प्रश्नाला द्यावे लागते.

विषाणूच्या शोधात विषाणू नसलेली कारणे मागे पडण्याचा धोकाही येथेच सांगतो. गोरखपूरमध्ये २००५ साली हजाराहून अधिक मुले दगावली आणि जपानी मेंदूज्वराची लस पुढच्या वर्षीपासून सुरू झाली. त्यानंतरही ए.ई.एस. होतच राहिला. पुढे, २०१५-१६ च्या सुमारास तपासलेल्या रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिकांत स्क्रब टायफसची प्रतिपिंडे सापडली. तो चिगर माइट या गोचिडीच्या कुळातील सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार आहे आणि डॉक्सीसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. बिहारमधील मुझफ्फरपूरची मुले तर उपाशीपोटी लिची खाऊन झोपल्यावर पहाटे साखर उतरून बेशुद्ध होत होती. तेथे ग्लुकोजची बाटली हाच उपचार होता. स्क्रब टायफससाठी चिगर चावल्याची खपली पाहायची असेल तर काखा, जांघा आणि केसांच्या रेषेमागे पाहावे लागते, आणि त्यासाठी मुलाचे कपडे उतरवावे लागतात. हेही निदानच आहे.

वैनगंगा

निशिगंध, एक व्यवहारातील प्रश्न. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात शनिवारी रात्री पाणी काढले, तर नमुना सोमवारी नागपूरला जातो. तोपर्यंत ते कसे ठेवावे? आमच्या येथे सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत आहे.

निशिगंध

एकाच सुईतून आलेल्या पाण्याला दोन वेगळी तापमाने लागतात. पीसीआर आणि आयजीएमसाठीची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी. सोमवारपर्यंत ती चालते. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये, कारण वीज गेली की ती वितळते आणि पुन्हा गोठते. जिवाणूंच्या कल्चरची, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्यासाठीची, बाटली फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नये. मेनिन्गोकोकससारखे नाजूक जिवाणू थंडीने मरतात आणि मग कल्चर निगेटिव्ह येते. ती त्याच रात्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लावावी. ते शक्य नसेल तर किमान पेशींची मोजणी आणि ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) तासाभरात उरकावे, कारण पेशीही लवकर विरघळतात. पहिल्या बाटलीत टोचण्याचे रक्त उतरलेले असते, म्हणून पेशी मोजायला शेवटची बाटली वापरा.

पाणी काढण्याआधी प्लेटलेट पाहा. डेंग्यूच्या दिवसांत त्या फार उतरलेल्या असतील तर सुई थांबवावी लागते. डोळ्यांच्या दोन बाहुल्या असमान असतील किंवा एक बाजू लुळी असेल तर आधी सीटी. अशा वेळी पाणी नाही म्हणून निदान अडत नाही : रक्त आहे, घशातील स्वॅब आहे, शौच आहे. एंटेरोव्हायरस तर बऱ्याचदा पाण्यापेक्षा शौचात आणि घशात सहज सापडतो. कुत्रा चावल्याचा इतिहास असेल तर लाळ आणि मानेमागच्या केसाळ त्वचेचा छोटा तुकडा रेबीजसाठी घ्यावा, आणि त्यात एकदाच्या निगेटिव्ह लाळेवर थांबू नये, कारण लाळेत विषाणू सतत येत नाही.

आणि नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर तीन तारखा लिहा : ताप कधी सुरू झाला, नमुना कधी घेतला, जपानी मेंदूज्वराची लस शेवटची कधी दिली. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फॉर्मवर फक्त मधली तारीख असे. आपला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा असेल तर पहिल्याच फॉर्मवर ‘दुसरा नमुना दहाव्या दिवशी पाठवत आहोत’ असे लिहून टाका. म्हणजे प्रयोगशाळा पहिला नमुना जपून ठेवते आणि दोन्ही नमुने एकाच वेळी शेजारी लावून तपासता येतात.

वैनगंगा

समजले. दोन बाटल्यांबद्दलची सूचना आजच वॉर्डात लावते. लसीच्या तारखेसाठी अंगणवाडीताईंचे रजिस्टर पाहावे लागेल, कारण आईकडे कार्ड क्वचितच सापडते.